घरात कुत्रं आहे म्हणून

तुम्ही शेवटचा चहा कोणाच्या घरी नाकारलात, आणि कारण काय सांगितलंत? ॲसिडिटी? उपास? ‘आत्ताच घेऊन निघालो’? ते कारण खरं होतं की नाही, हे मला सांगू नका. तुम्हाला ते माहीत आहे. मी एवढंच सांगते की ज्या घरात तुम्ही ते कारण ठेवून आलात, त्या घरालाही ते माहीत आहे.

हे मला एका बाईंकडे राहून कळलं. भांडुपला, जिथे रिक्षावाले चढ बघून खालीच उतरवतात, तिथल्या एका बिल्डिंगमध्ये त्यांचं घर होतं. पालिकेच्या मराठी शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या, मूळच्या अकोल्याकडच्या, बौद्ध, एकट्या राहणाऱ्या. मला मुलुंडच्या एका कॉलेजात तासावर शिकवायचं काम मिळालं होतं आणि बोरिवलीहून रोजची ये-जा झेपत नव्हती, म्हणून त्यांच्या आतल्या खोलीत मी भाड्याने राहायला गेले. सगळी बिल्डिंग त्यांना ‘बाई’ म्हणायची. मीही तेच म्हणायला लागले.

नोकरी संपली तरी बाईंची शाळा सुटली नव्हती. पोरं कमी झाली म्हणून त्यांची शाळा बंद पडली, तेव्हा तिथली पितळी घंटा त्यांनी सरळ घरी आणली होती. “भंगारात गेली असती,” म्हणायच्या. कुकर उतरवला की घंटा. मी आंघोळीला वेळ लावला की घंटा. फोनवर मैत्रिणीशी बोलताना माझा आवाज चढला की स्वयंपाकघरातून एक हलका टोला यायचा. खोटी स्तुती त्यांना अजिबात चालायची नाही. मी त्यांच्या भाजीला छान म्हटलं तर विचारायच्या, “काय छान आहे? मीठ? शिजवणं? चिरणं? नेमकं सांग.”

एका दुपारी बाई बाजारातून आल्या आणि भाजीची पिशवी त्यांनी ओट्यावर न ठेवता जमिनीवर ठेवली. मेथीच्या जुडीमागून एक कान वर आला. मग दुसरा. मग एक काळं-पिवळं पिल्लू मेथीसकट बाहेर पडलं आणि त्याने माझ्या पायाजवळ शू केली.

“हजेरी लावली,” बाई म्हणाल्या. “आता काढता येणार नाही.”

पिल्लू का आणलं, याचं त्यांनी प्रत्येकाला वेगळं कारण सांगितलं. सेक्रेटरींना सांगितलं, चोऱ्या वाढल्यात. अकोल्याच्या बहिणीला सांगितलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, कुत्रं असलं की चालणं होतं. वॉचमनला सांगितलं, मला भाजीवाल्याने मेथीवर फुकट दिलं. वॉचमनने ते खरं मानलं आणि त्या भाजीवाल्याकडे जाऊन चौकशी केली. मला मात्र त्यांनी बरेच दिवस काही सांगितलं नाही.

त्याचं नाव ‘मॉनिटर’ ठेवलं. “वर्गात जो सगळ्यात जास्त दंगा करतो ना, त्याला मॉनिटर करायचं. निम्मा दंगा तिथेच थांबतो,” हा त्यांचा शाळेतला अनुभव. घरात तो अनुभव लागू पडला नाही. मॉनिटरने पहिल्याच आठवड्यात माझ्या दोन चपलांपैकी उजवी खाल्ली, मोबाईलचा चार्जर खाल्ला, सोफ्याचा एक कोपरा मोकळा करून आतला कापूस घरभर मांडला. बाईंनी भिंतीवर वेळापत्रक लावलं. पहिला तास शू, दुसरा तास शी, मग दूध-भाकरी, मग मधली सुट्टी. मॉनिटरला त्यातला मधल्या सुट्टीचाच तास कळला.

छडी त्यांनी नोकरीतही वापरली नव्हती. मॉनिटरने त्यांचा चष्मा चावला तेव्हा त्यांनी त्याला कोपऱ्यात उभं केलं. तो तिथेच पसरून झोपला. बाई खुर्चीवर बसून राहिल्या.

“बाई, तो झोपलाय.”

“मला दिसतंय. चष्मा नसला तरी तेवढं दिसतं.”

“मग उठा ना.”

“शिक्षा पुरी व्हायची आहे. उठला की होईल.”

त्या खरोखरच तो उठेपर्यंत बसल्या. शिक्षा नक्की कोणाला झाली हे मी विचारलं नाही.

पिल्लाला शूची सवय लावायला जमिनीवर वर्तमानपत्र पसरतात. बाईंच्या घरात हे काम सोपं नव्हतं. प्रत्येक पान आधी दोन्ही बाजूंनी बघायचं. महापुरुषांचा फोटो असेल तर कापून घ्यायचा. बुद्धाचं चित्र असेल तर कापून घ्यायचं. आणि बाई तिथेच थांबायच्या नाहीत. गणपती, साईबाबा, मक्का, क्रूस, जे कोणी कोणाचं असेल ते कापून बाजूला. “आपल्याला जे चालणार नाही, ते दुसऱ्याच्या बाबतीत का चालवायचं?” त्यामुळे सणाच्या दिवसांत मॉनिटरला मिळणाऱ्या पानांची अक्षरशः जाळी व्हायची. निवडून आलेल्या पुढाऱ्यांचे फोटो मात्र त्या ठेवायच्या. उलट पान असं पसरायच्या की चेहरा वरच येईल.

एकदा मॉनिटरने माझ्या खाटेखालचा पत्रकांचा गठ्ठा ओढून काढला आणि वेळापत्रकातला पहिला तास त्यावर उरकला. मी रडकुंडीला आले. कंत्राटी शिक्षकांच्या मागण्यांवरचं ते पत्रक मी चार वेळा लिहून काढलं होतं.

“त्याने निदान त्याच्यावर वेळ घालवला,” बाई म्हणाल्या. “तुमच्या स्टाफरूममध्ये किती जणांनी घालवला?”

एक शब्द मात्र त्या घरात बंद होता. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाच्या पायात मॉनिटर घुटमळला, तेव्हा तो सवयीने म्हणाला, “हाड! हाड!” बाई चटकन पुढे झाल्या. “त्याचं नाव मॉनिटर आहे. नावाने हाक मारा, येतो तो.” माणूस ओशाळून हसला आणि गेला. दार लावून बाई मला म्हणाल्या, “आमच्या गावच्या आडावर हे आम्हाला म्हणायचे. कुत्र्यांना वेगळा आणि आम्हाला वेगळा शब्द ठेवावा, एवढंही कोणाला सुचलं नव्हतं.” मग त्यांनी घंटा वाजवली, कारण मॉनिटरच्या दुधाची वेळ झाली होती.

आता त्या कारणाबद्दल सांगते.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक काकू राहायच्या. स्वभावाने वाईट नव्हत्या. बाईंकडे येऊन तासभर बसायच्या, सुनेची गाऱ्हाणी सांगायच्या, बाईंकडून पेन्शनच्या फॉर्मची कामं करून घ्यायच्या. पण चहाच्या वेळी त्यांचा उपास असायचा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. उपास नसेल त्या दिवशी ॲसिडिटी. बाई दर वेळी चहा करायच्या, दर वेळी कप त्यांच्यापुढे ठेवायच्या, आणि दर वेळी तो कप थंड व्हायचा.

मॉनिटर आल्यानंतर काकू पहिल्यांदा आल्या, तेव्हा कपाकडे बघून अगदी मोकळेपणाने म्हणाल्या, “अहो, आता घरात कुत्रं आहे ना! केस असतात त्यांचे. नको वाटतं.”

“हो, असतात खरे,” बाई म्हणाल्या.

काकू गेल्यावर कपातला चहा मोरीत ओतताना बाई हसत होत्या. मला म्हणाल्या, “बघितलंस, किती मोकळ्या बोलल्या आज? चेहऱ्यावर ताण नाही, काही नाही. बिचारीला दर वेळी पंचांग आठवून यावं लागायचं. आता एकदाच सांगितलं, कायमचं झालं.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय! मॉनिटर त्यासाठीच आणलाय. लोकांची सोय.”

त्या थट्टा करत होत्या का, हे मला आजही सांगता येणार नाही. पण मी पेटले. मी म्हटलं, “बाई, हे चूक आहे. तोंडावर विचारायला पाहिजे. का पीत नाही, खरं कारण सांगा, म्हणायला पाहिजे.”

“विचारलंय की. नोकरीला लागले तेव्हा विचारायचे. तुझ्यासारखीच होते. मग माणसं येईनाशी होतात.” त्यांनी कप विसळला. “चहा तसाच राहिला तरी माणूस येऊन बसतंय ना समोर, बोलतंय ना, ते मला हवं असतं. तुला नाही कळणार.”

“आणि स्वाभिमान?”

“तो तू पत्रकात लिही. तिथे जागा असते.”

मला राग आला. रागात मी जे बोलले, त्यामुळे पुढचं सगळं घडलं. मी म्हटलं, “सगळे तसे नसतात. माझे बाबा येऊ देत. ते तुमच्या घरी दोन कप चहा पितील.”

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. “पैज नको लावू. आपल्या माणसांवर तर नकोच.”

माझ्या बाबांबद्दल सांगायला हवं. आमचं मूळ गाव कुडाळकडे. आजोबा गिरणीत, बाबा कांदिवलीच्या कारखान्यात, दोघंही युनियनवाले. आमच्या घरातली जमीन दोन कामांची, रात्री झोपायला आणि दिवसा पत्रकांच्या घड्या घालायला. मी बालभारतीच्या आधी पत्रकं वाचायला शिकले. बाबांनी लिहिलेल्या एका पत्रकातलं वाक्य मला तोंडपाठ होतं: ‘कुत्र्याने तोंड लावलेलं भांडं तुम्ही घासून वापरता, मग माणसाने हात लावलेलं भांडं का बाटतं?’ शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी ते हात उगारून म्हटलं होतं आणि बक्षीस घेतलं होतं. माझ्या सगळ्या राजकारणाचा पाया ते वाक्य आहे.

आणि आई? आईचे देव, आईचे उपास, आईचं सोवळ्यातलं लोणचं. आम्ही बापलेक तिला हसायचो. सभेहून घरी आल्यावर बाबा म्हणायचे, “सगळा देश बदलेल, पण आमचं गृहखातं बदलणार नाही.” आई पोळ्या लाटत राहायची.

एका रविवारी दोघं माझी खोली बघायला आले. बाईंनी सकाळपासून घर आवरलं होतं. ते यायच्या आधी मी मॉनिटरला माझ्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली.

“कोंडतेस कशाला त्याला?” बाईंनी विचारलं.

“आज कुत्र्याचं कारण नको कोणाला.”

“अगं, राहू दे बाहेर,” बाई हळूच म्हणाल्या. “त्यांना ते कारण लागेल.”

मी ऐकलं नाही. माझी खात्री होती. बाबा आले, त्यांनी बाईंना नमस्कार केला, ‘जय भीम’ म्हटलं. भिंतीवरच्या फोटोपुढे दोन मिनिटं उभे राहिले. बंद पडणाऱ्या मराठी शाळांवर बोलले, असं बोलले की बाई मान डोलावत राहिल्या. मी आईकडे बघून मनात म्हणत होते, बघ, शीक.

तेवढ्यात आतून मॉनिटरने गळा काढला. दारावर नखं ओरबाडायला लागला.

“आत काय कुत्रो आसा?” आई म्हणाली आणि मी काही बोलायच्या आत उठली. “सोडा हो त्याला. आमच्याकडे सवय आहे. आमच्या चाळीत मोती आहे, यांच्या हातूनच खातो तो. दुसऱ्या कोणी घातलं तर बघत पण नाही.”

कडी निघाली आणि मॉनिटर सुटला. खोलीत चार माणसं होती, पण कुत्र्यांना कळतं. तो सरळ बाबांच्या मांडीवर. बाबांचा चेहरा उजळला. “अरे, अरे, काय रे? काय नाव?” मॉनिटर त्यांची बोटं चाटत होता, मनगट चाटत होता, हनुवटीपर्यंत पोचत होता. बाबा त्याच्या कानामागे खाजवत होते, मोतीला खाजवतात तसंच.

बाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. एक कप आईने उचलला, एक मी. बाबांपुढचा कप तसाच राहिला.

“घ्या ना,” बाई म्हणाल्या.

बाबा म्हणाले, “नको, मी नको. ते... घरात कुत्रं असलं की मला जरा ॲलर्जी आहे.”

मॉनिटरचं नाक त्या क्षणी त्यांच्या तळहातात होतं.

मी खाली बघितलं. मला आजही ती फरशी दिसते, तिच्यावर पसरलेलं वर्तमानपत्र दिसतं, कापलेल्या फोटोची चौकोनी खिडकी दिसते. मला वाटत होतं, आई काहीतरी बोलेल, मोतीचं पुन्हा काढेल, आणि ती बोलू नये असंही वाटत होतं.

“हो, असतात केस,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी कप लगेच उचलला. त्यांना बाबांच्या डोळ्यांसमोर तो फार वेळ ठेवायचा नव्हता. ती त्यांची माया होती. मला ती माया सहन झाली नाही.

मग आईचा आवाज आला.

“बाई, राग मानू नका हां.” तिने एक घोट घेतला होता आणि तोंड वाकडं केलं होतं. “ह्यात आलं नाही घातलंत का हो?”

बाई थबकल्या. “आलं... संपलंय.”

“मग हिला फोन करून सांगायचं ना, मी येताना आणलं असतं. आणि दूध पण हात राखून घातलंय तुम्ही. नुसतं गोड पाणी लागतंय.”

“आई!” मी ओरडले.

“काय आई? चहाला चहा म्हणायचं तर चहासारखा नको लागायला?”

बाई हातात बाबांचा कप धरून उभ्या होत्या. मग त्या हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. कप ट्रेमध्ये ठेवला, पदराने डोळे पुसले, परत हसल्या. “इतकी वर्षं चहा करतेय,” त्या म्हणाल्या, “माझ्या चहाला कोणी नावं नाही ठेवली.”

“का? सगळ्यांना असला आवडतो?”

“जे पीत नाहीत ते पीत नाहीत. आणि जे पितात ते सगळे ‘वा वा, फारच छान’ म्हणतात.”

“खोटारडे मेले,” आई म्हणाली. यामागचं काही तिच्या लक्षात आलं होतं की नाही, देव जाणे. ती उठली, कप घेऊन स्वयंपाकघरात गेली. “पातेलं कुठे आहे? वेलची तरी असेल ना? द्या, मी उकळते परत.” बाई तिच्या मागे गेल्या. आतून दोघींचे आवाज येत राहिले. मॉनिटर दुधाच्या वासाने आत पळाला आणि आई त्याला दटावत होती, “लुडबुड नको रे मेल्या, पायाखाली येशील.”

बाहेरच्या खोलीत मी आणि बाबा. त्यांचा ओला तळहात मांडीवर उताणा पडला होता. तो पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं.

त्या दोघांना रिक्षापर्यंत सोडायला मी चढ उतरून गेले. आई चढ उतरेपर्यंत पुढेच चालत होती आणि रिक्षा दिसल्यावर म्हणाली, “तुमका खंयची हो ॲलर्जी? मोत्याक आपल्या ताटातली भाकरी घालतास, तेव्हा खंय जाता ती?”

बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडेही बघितलं नाही. म्हणाले, “मी ठरवून नाही केलं गं. कप दिसला आणि तोंडातून आपोआप आलं. पत्रक डोक्यातून येतं. घोट घशाखाली उतरवायचा असतो.”

“पण चळवळीतल्या लोकांच्या घरी इतकी वर्षं तुम्ही...”

“काय करायचो माहितीये? चहा ठेवायला लागले की म्हणायचो, वहिनींना कशाला त्रास, चला टपरीवर जाऊ, मी पाजतो सगळ्यांना. लोकांना वाटायचं, किती साधा माणूस.” त्यांनी रिक्षाला हात केला. “मलाही तसंच वाटायचं.”

रिक्षा निघून गेली. मी वर आले ती लाजेने भाजूनच. बाईंसमोर उभी राहिले आणि तयार केलेलं वाक्य म्हटलं, “बाई, बाबांच्या वतीने मी तुमची माफी मागते.” मग ओट्यावर राहिलेला बाबांचा थंड चहा उचलला आणि त्यांच्यादेखत एका दमात प्यायले.

बाईंनी मला शांतपणे पिऊ दिलं. मग म्हणाल्या, “झालं?”

“काय?”

“तू या घरात आलीस त्या दिवसापासून माझा चहा पितेस. खरंय. आणि प्रत्येक कप पिताना माझ्याकडे बघतेस, मी बघतेय की नाही ते. तुझे बाबा कप बघून घाबरतात आणि तू कप बघून छाती काढतेस. कप दोघांनाही दिसतोच ना?” त्या चिडल्या नव्हत्या. मॉनिटरच्या तोंडातून माझा दुपट्टा सोडवत होत्या. “चहा पी, पोरी. पराक्रम करू नको. आज या घरात चहा प्यायली ती एकटी तुझी आई.”

बाबांची लाज वाटणं सोपं होतं. त्यात मी त्यांच्यापेक्षा उंच राहत होते. त्या वाक्यानंतर तेवढी उंचीही राहिली नाही. आईला आयुष्यभर हसलेली मी, तिच्याइतकी साधी गोष्ट मला करता आली नव्हती. मी बाईंकडे राहत होते म्हणून कॉलेजात मिरवलंही होतं. कोणीही न विचारता मी सांगायचे, कोणाकडे राहते ते, काय खाते ते. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

मॉनिटर मोठा झाला. वेळापत्रक पाळायला लागला, कारण त्याने बाईंनाच आपल्या वेळा शिकवल्या. समोरच्या काकू येत राहिल्या, केसांचं कारण सांगत राहिल्या, आणि मॉनिटर त्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपत राहिला. पुढे बाईंची बहीण अकोल्यात आजारी पडली आणि बाईंनी भांडुपचं घर सोडायचं ठरवलं.

त्या निघाल्या त्या दिवशी बाबा न सांगता आले. त्यांनी मॉनिटरसाठी बिस्किटं आणली होती आणि आईने बाईंसाठी धाडलेली आल्याची पुडी. बाईंनी ती सामानात टाकली नाही, पर्समध्ये ठेवली. बाबा बांधलेल्या खोक्यावर बसले. मला दिसत होतं, आज ते ठरवून आलेत. हात मांडीवर घट्ट धरले होते. म्हणा बाबा, मी मनात म्हणत होते, चहा मागा.

बाईंनाही ते दिसलं असणार. माणसं वाचण्यातच त्यांचा जन्म गेला होता. त्या म्हणाल्या, “तुम्हाला चहा विचारला असता हो, पण भांडी सगळी बांधली.”

गॅसवर पातेलं होतं. मॉनिटरचं दूध त्यात उकळत होतं, ओट्यावर दोन कप पालथे होते. बाबा बसले होते तिथून ते सगळं दिसत होतं.

“हो, हो, कशाला उगाच,” बाबा म्हणाले. आणि त्यांचे खांदे सैल झाले. ते सुटले होते. त्यांच्या चेहऱ्यावरची ती सुटका मी पाहिली, बाईंनी पाहिली. टेम्पो आला, सामान चढवलं, मॉनिटर उडी मारून पुढच्या सीटवर बसला. बाई गेल्या.

बाबा आता पत्रकं लिहीत नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात.

तुमच्याकडे माझी एक मागणी आहे. मागणीच म्हणते, कारण मला विनंत्या लिहायची सवय नाही. तुमच्या ओळखीत असं एक घर नक्की आहे, जिथे तुमच्याआधी तुमचं कारण पोचतं. हे वाचून हळहळत बसू नका, कोणाला पुढे पाठवू नका. या आठवड्यात त्या घरी जा. ते विचारतील याची वाट बघू नका. चपला काढता काढताच चहा मागा. पाणचट असेल तर तोंडावर सांगा. पातेलं कुठे आहे विचारा, उठून परत उकळा. दुसऱ्या कशाबद्दल तरी बोला, भाज्यांचे भाव, पोरांच्या परीक्षा, काहीही. आणि घरी आल्यावर, मी मिरवलं तसं मिरवू नका, ते कोणालाही सांगू नका.